जमिनीला खोलीही असते

इंग्लंडमधल्या केम्ब्रिजशायरमध्ये होम फेन नावाची एक दलदलीची जागा आहे. तिथे बर्चच्या झाडीत लोखंडाचा एक खांब दिसतो. उंची साधारण चार मीटर. एकाच्या खांद्यावर एक अशी दोन माणसं उभी राहिली, तरी वरच्याचा हात टोकाला पोचायचा नाही. गंमत अशी की हा खांब कुणी 'उभारलेला' नाही. १८५१ साली तो जमिनीत पुरता गाडला होता आणि त्याचं टोक तेव्हाच्या जमिनीच्या पातळीला होतं. बुडखा खालच्या घट्ट चिकणमातीत पक्का बसवलेला, त्यामुळे खांब जागचा हललेला नाही. खाली गेली ती जमीन.

शेतीसाठी शेजारचं मोठं तळं उपसलं आणि चर खणून पाणी काढून दिलं, त्याचा हा परिणाम. हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साठत गेलेला काळा पालापाचोळा, ज्याला पीट म्हणतात, तो उघडा पडला. आधी तो सुकून आक्रसला. मग त्याला हवा लागली आणि तो कुजायला लागला. पिढ्यानपिढ्या तो वायू होऊन आकाशात जातो आहे. खांब गाडला तो तिथल्या जमीनदारानेच, जमीन किती खचते ते पाहायला. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. तळं उपसणाऱ्यांतलाच तो, पण किमान मोजायची बुद्धी तरी त्याला झाली.

चार मीटर जमीन गेली, पण कागदावर काय गेलं? काहीच नाही. क्षेत्रफळ तेवढंच आहे, चतुःसीमा त्याच आहेत, मालकाचं नावही जागेवर आहे. जमिनीची लांबी-रुंदी मोजायला आपण साखळ्या आणल्या, नकाशे काढले, आता उपग्रह लावले. हद्दीवरून हातभर सरकलेल्या दगडासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो. आणि त्याच वेळी सगळ्या शेतावरून वरचा थर निघून जात असतो, त्याची नोंद करायला जगातल्या बहुतेक दप्तरांत रकानाच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: जमीन आणि माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपले कायदे, करार आणि किमती फक्त जमीन ओळखतात, आणि जोवर हे असं आहे तोवर माती वाचवण्याची भाषणं वाऱ्यावर जाणार.

थोडं गणित करू. एक हेक्टर रानावरून एक मिलिमीटर माती गेली, असं समजा. बँकेचं कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, म्हणजे त्याहून किंचितच जास्त. कुणाच्या डोळ्यांना हे दिसणार? पण हेक्टरभर पसरलेला हा थर गोळा केला तर दहा घनमीटर होतो. वजन तेराएक टन, म्हणजे एक मालमोटार भरून. रात्री कुणी चोरट्याने एवढी माती भरून नेली असती तर सकाळी पोलिसांत तक्रार गेली असती. पावसाने नेली तर 'यंदा पाऊस जोराचा झाला' एवढंच आपण म्हणतो.

हा मिलिमीटरचा आकडा काल्पनिक नाही. नांगराखालच्या जमिनींची जगभरची मोजमापं एकत्र करून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धुपेची सरासरी निघाली ती वर्षाला मिलिमीटरच्या आसपास. आणि खडक झिजून नवी माती तयार होण्याचा वेग? त्याच्या दहा ते शंभर पटींनी कमी. सेंटिमीटरभर मातीला हवामानानुसार शे-दोनशे ते हजार वर्षंही लागतात. मिळकत रुपयाची आणि खर्च दहापासून शंभरापर्यंत, असा हा संसार आहे. तो चालतोय, कारण वाडवडिलांची ठेव मोठी होती.

इथे एक कबुली द्यायला हवी. 'जगात आता फक्त साठ पिकांपुरती माती उरली आहे' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. मोठमोठ्या व्यासपीठांवरून ते फेकलं जातं. त्याच्या मागे शास्त्रीय अभ्यास शोधायला गेलं, तर हाती काही लागत नाही. आणि ते खरं असणं शक्यही नाही, कारण माती सगळीकडे सारख्या जाडीची नाही की सारख्या वेगाने जातही नाही. २०२० साली सहा खंडांतल्या अडीचशेहून जास्त ठिकाणांची आकडेवारी तपासली गेली. नेहमीच्या पद्धतीने कसलेल्या जमिनींपैकी १६ टक्के जमिनींचा वरचा थर शंभर वर्षांच्या आत संपेल, असं त्यात दिसलं. बाकीच्यांना जास्त अवधी आहे, काहींना तर हजारो वर्षं. पण जिथे मशागतीच्या पद्धती बदलल्या होत्या, तिथे हेच प्रमाण ७ टक्क्यांवर आलेलं होतं. मला हा आकडा साठ पिकांच्या भीतीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. १६ चे ७ होऊ शकतात, म्हणजे मधले ९ आपल्या करणीचे आहेत.

आता माती म्हणजे नक्की काय, ते पाहू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या दोन बरण्या पाण्याने भरा. वर्षानुवर्षं नांगरलेल्या, उघड्या राहणाऱ्या रानातलं एक ढेकूळ घ्या. दुसरं त्याच रानाच्या कडेचं, जिथे नांगर पोचत नाही आणि गवताची मुळं कायम असतात तिथलं. दोन्ही चांगली वाळू द्या आणि तारेच्या जाळीवर ठेवून अलगद पाण्यात सोडा. पहिल्या ढेकळातून भराभर बुडबुडे येतात, कडा ढासळतात, चहा होईपर्यंत त्याचा गाळ होऊन तळाशी बसतो आणि पाणी गढूळ होतं. दुसऱ्यातूनही बुडबुडे येतात, पण संथ. अर्ध्या तासाने पाहावं तर ते तसंच असतं आणि त्याच्याभोवतीचं पाणी नितळ. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा काहीतरी चुकलं असेल म्हणून ढेकळं बदलून पुन्हा करून पाहिलं. तेच झालं. खडक तोच, पाऊस तोच, दोन्ही जागांत अंतर वीस पावलांचं.

फरक आहे तो डिंकाचा. मुळं जे गोड पाझर सोडतात, त्यावर जगणारे जिवाणू चिकट स्राव सोडतात. बुरशीचे केसाहून बारीक धागे कणांना विणून ठेवतात. जिवंत मुळं गेली, वरचं आच्छादन गेलं, दर हंगामाला पलटी मारली, की हा डिंक कुणीतरी खाऊन टाकतं आणि नवा बनत नाही. अशा रानावर पाऊस पडला की थेंबांच्या माऱ्याने कण सुटे होतात, भोकं बुजतात, वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, वाहतं, आणि वाहताना माती घेऊन जातं. त्यामुळेच एकाच शेतात जूनमध्ये पूर आणि सप्टेंबरमध्ये दुष्काळ असं चित्र दिसू शकतं. दोष आपण ढगांना देतो.

चांगली माती निम्मी पोकळ असते, हे ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. ढोबळमानाने पंचेचाळीस टक्के खनिज कण आणि चार-पाच टक्के सेंद्रिय अंश, आणि उरलेली अर्धी जागा हवा-पाण्याची. म्हणजे मातीचं खरं घरपण तिच्या भिंतींत नसून खोल्यांत आहे. अवजड यंत्र ओल्या रानावरून गेलं की याच खोल्या चेपतात. वजनात एक ग्रॅमही कमी झालेलं नसतं, तरी माती गेलेली असते.

या खोल्यांत राहतं कोण? चिमूटभर, म्हणजे ग्रॅमभर मातीत जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाऊ शकते. २०२३ च्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या निम्म्याहून जास्त, ५९ टक्के प्रजाती आयुष्याचा काही ना काही भाग मातीत काढतात. अंदाजात कमी-जास्त होण्याला भरपूर वाव आहे, कारण बहुतेकांना आपण अजून नावंही दिलेली नाहीत. क्षयरोगावर चाललेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली न्यू जर्सीत मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून मिळालं. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेड लावतो, तोही याच कुळातल्या जिवांनी बनवलेल्या एका रसायनाचा. हवेत ते नावालाही नसलं तरी आपलं नाक ते पकडतं. इतकं तीव्र नाक आपल्याला का मिळालं असेल, हा मला कायम पडणारा प्रश्न आहे, पण तो इथला नाही.

चार्ल्स डार्विनने म्हातारपणी गांडुळांवर पुस्तक लिहिलं, ते १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. त्यातला एक प्रयोग मला होम फेनच्या खांबाचा जुळा भाऊ वाटतो. घराजवळच्या एका कुरणाच्या तुकड्यावर १८४२ च्या डिसेंबरात खडूचे तुकडे पसरले होते. एकोणतीस वर्षं थांबून त्याने तिथे चर खणवला. खडूची पांढरी रेघ सात इंच खाली सापडली. वरची सात इंच माती गांडुळांनी कणकण खालून वर आणून टाकली होती. खांब दाखवतो माती कशी जाते, आणि ही रेघ दाखवते मातीचं काम न थांबता चालू राहिलं तर काय होतं. दोन्ही ठिकाणी दिसलं, कारण कुणीतरी खूण करून ठेवली होती आणि वाट पाहिली होती.

मग हे सगळं ठाऊक असूनही कुणाला घाई का नाही? याचं उत्तर उत्पन्नात आहे, असं मला वाटतं. हवेतला नत्र पकडून खत बनवायची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली कारखान्यात सुरू झाली. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न तिच्यामुळे आहे. तिला शिव्या घालणं सोपं आहे, पण उपाशी राहायला कोण तयार आहे? श्रीलंकेत एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचं पीक कोसळलं, शेतकरी रस्त्यावर आले आणि वर्ष संपायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली. मातीचं भलं चिंतणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. ज्या जमिनीला आपण वर्षानुवर्षं सलाइनवर ठेवलं, तिची सुई एका दिवसात काढून घेता येत नाही.

पण याच सलाइनमुळे आजार दिसत नाही, हेही तितकंच खरं. माती पातळ होत गेली, तिचा डिंक आटला, तरी खताची मात्रा वाढवून पोतं भरता येतं. उत्पन्नाचा आकडा सरळ राहतो आणि खर्चाचा वर चढतो. सरकारं उत्पन्न मोजतात, बँका उत्पन्न पाहून कर्ज देतात, शेतकरीही पोत्यांवरच बोलतो. तिन्ही जण प्रामाणिक आहेत आणि तिन्ही जण चुकीच्या काट्याकडे पाहत आहेत. विहिरीतलं पाणी खाली जातंय का, हे बादली भरून येते की नाही यावरून ठरवायचं नसतं, दोर किती सोडावा लागतो ते पाहायचं असतं.

हवेसाठी कायदे आहेत, पाण्यासाठी आहेत, जंगलांसाठी आहेत. माती मागे राहिली, कारण तिला मालक आहे. हवा कुणाच्या बापाची नाही म्हणून ती सगळ्यांची झाली. मातीचा मालक कागदावर ठरलेला, तेव्हा तिचं काय करायचं ते त्याने पाहावं, असा आपला हिशोब. भाषेनेही दोन्ही टोकं गाठून ठेवली आहेत: एकीकडे काळी आई, दुसरीकडे मातीमोल. आईची पूजा करायची असते आणि मातीमोल वस्तू फेकायची असते. दोन्हींत मोजायची गरज पडत नाही.

युरोपीय संघाने २००६ साली मातीसाठी कायद्याचा मसुदा आणला. काही बड्या देशांनी तो अडवला. युक्तिवाद असा की नदी सीमा ओलांडते, वारा ओलांडतो, माती जागची हलत नाही, मग तुम्ही मध्ये कशाला? २०१४ मध्ये मसुदा गुंडाळला गेला. माती हलत नाही, हे वाक्य लिहिणाऱ्याने सहारातली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलाला फॉस्फरस पुरवते, हे वाचलेलं नसावं. शेवटी २०२५ मध्ये एक कायदा मंजूर झाला, पण तो मुख्यतः मोजणीचा. देशांनी मातीची तब्येत तपासायची, ठरलेल्या खुणांवर नोंदवायची. शेतकऱ्यावर नवं बंधन नाही. अनेक पर्यावरणवाद्यांना हे फारच मिळमिळीत वाटलं. मला तसं वाटत नाही. रकानाच नसलेल्या वहीत निदान रकाना तरी आखला गेला.

अमेरिकेची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९०९ मध्ये तिथल्या सरकारी मृदा विभागाने छापलं होतं की माती ही राष्ट्राची अविनाशी मालमत्ता आहे, ती वापरून संपत नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दक्षिणेकडच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर नांगर फिरला. दुष्काळ आला आणि मैदानं उडायला लागली. मे १९३४ च्या वादळाची धूळ न्यूयॉर्कपर्यंत आणि पुढे समुद्रातल्या जहाजांवर पडली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी भरदिवसा काळोख झाला. ह्यू बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं धुपेबद्दल कंठशोष करत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. तो संसदीय समितीपुढे साक्ष देत असताना धुळीचा लोट राजधानीवर आला, खिडकीबाहेर अंधारलं, असं सांगतात. मृदसंधारणाचा कायदा २७ एप्रिल १९३५ ला झाला. ज्यांची शेतं उडाली ते तोवर घरंदारं सोडून निघाले होते. माती खिडकीवर येऊन थडकली तेव्हा ती 'प्रश्न' झाली.

एवढं थांबायची गरज नाही. करता येण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या फार क्रांतिकारक नाहीत. जर्मनीच्या बांधकाम संहितेत कलम २०२ आहे. बांधकामासाठी खणलेली वरची माती वापरण्याजोगी राखायची, नासू द्यायची नाही, असं ते सांगतं. त्या मातीला जर्मन शब्दच 'आई-माती' अशा अर्थाचा आहे, पण तिथे आईसाठी कलम लिहिलं, हा फरक. नाहीतर इमारतीचा पाया खणताना वरचा हजारो वर्षांचा थर आणि खालचा मुरूम एकाच ट्रकमध्ये भरून एकाच खड्ड्यात जातो. शहरं वाढणारच, घरं लागणारच. पण थर वेगळा काढून ठेवायला खर्च किती येतो? एकूण बांधकामाच्या मानाने चिल्लर.

दुसरी गोष्ट करारांची. वर्षभरासाठी खंडाने जमीन घेणारा माणूस तिच्यात शेणखत का घालेल? त्याचा फायदा तीन-चार वर्षांनी दिसणार, तेव्हा तिथे दुसराच कुणी असणार. त्याला मूर्ख किंवा लोभी म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं. करार लांब मुदतीचा हवा, आणि जमीन घेताना मातीची स्थिती काय होती व सोडताना काय आहे, हे त्यात लिहिलेलं हवं. भाड्याच्या घराचं आपण करतोच की. भिंतीला पडलेल्या भोकाचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. मग जमिनीला पडलेल्या घळीचे का नकोत? आणि उलटही व्हावं. ज्याने सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळांतला कार्बन, वाढवून जमीन परत केली, त्याला मालकाने भरपाई द्यावी. जमिनीच्या खरेदी-विक्रीत हीच नोंद लागली, तर चांगल्या मातीला आपोआप चांगला भाव येईल. बाजाराला शिव्या देण्यापेक्षा त्याला जरा जास्त माहिती द्यावी.

यावर येणारा आक्षेप रास्त आहे: आधीच कंबर मोडलेल्या शेतकऱ्यावर आणखी एक ओझं का? माझं उत्तर असं की ओझं त्याच्यावर टाकायचं नाहीच. माती जे पाणी मुरवते त्याने खालच्या गावाचा पूर टळतो. तिने धरून ठेवलेला कर्ब सगळ्यांच्या हवामानाला उपयोगी पडतो. हवेत आणि साऱ्या झाडापेडांत मिळून जेवढा कर्ब आहे, त्यापेक्षा जास्त मातीत आहे. हे काम सगळ्यांसाठी होत असेल, तर त्याचा मोबदला सगळ्यांनी द्यायला हवा. चीनच्या लोएस पठारावर हेच झालं. पीतनदी एकेकाळी तिथून वर्षाला दीड अब्ज टनांहून अधिक गाळ वाहून न्यायची. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर आणि सरकारी पैशावर तिथे उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं पाडली, चढ गवत-झाडांना सोडले, मोकाट चराई थांबवली. नदीचा गाळ आज पूर्वीच्या मानाने अगदी थोडा उरला आहे. सगळं श्रेय या कामाचं नव्हे, वाटेतल्या धरणांतही बराच गाळ अडकतो. पण पिवळे उघडे डोंगर हिरवे झाले हे डोळ्यांना दिसतं, आणि लोकांना चराई सोडायला लावली तेव्हा त्यांच्या हाताला दुसरं कामही दिलं गेलं होतं.

मोजायचं कसं, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि तो सर्वांत सोपा आहे. प्रत्येक शेतात ठरलेल्या दोन-तीन जागा. तिथे फावड्याच्या पात्याएवढा खड्डा. काळा थर किती खोल आहे ते पट्टीने मोजायचं, खड्ड्यात गांडुळं किती निघाली ते लिहायचं, एक ढेकूळ वाळवून बरणीत सोडायचं आणि मूठभर माती सेंद्रिय कर्बासाठी तपासणीला पाठवायची. पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा. जमिनीच्या कागदावर क्षेत्रफळाच्या खाली चार ओळींची जागा लागेल, ती सध्या कोरी आहे.